आईला दिलेला आजार

नर्सिंग कॉलेजांच्या तपासणीला मी पुढे पुष्कळ वर्षं जात होते. समितीतले बाकीचे लोक आधी कागदपत्रं मागायचे, ग्रंथालय बघायचे, प्रयोगशाळेतल्या हाडांच्या सापळ्यावरची धूळ बोटानं पुसून तोंड वाकडं करायचे. मी सरळ वॉर्डात शिरायची आणि पेशंटच्या पायांवरची चादर वर करायची. खाटेला खिळलेल्या माणसाचे तळवे हळूहळू मऊ पडतात. काल रानात राबलेल्या माणसाचे नाही पडत. त्याच्या भेगांतली माती साबणानंही निघत नाही. एकदा बरोबरच्या डॉक्टरांनी विचारलं, "हे कुठं शिकलात?" मी म्हटलं, "माझ्याच कॉलेजात." त्यांना वाटलं मी विनोद केला. ते हसले. मी चादर नीट घातली आणि पुढच्या खाटेकडं गेले.

माझं कॉलेज कोल्हापुरातलं. ऐंशी साल नुकतंच मागं पडलं होतं आणि ज्याच्यापाशी चार एकर माळ आणि मुंबईत थोडी ओळख, तो कॉलेज काढत होता. आमच्या संस्थेनं गावाबाहेर दवाखाना बांधला, त्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या आणि बी.एस्सी. नर्सिंगची पाटी लावली. आम्ही पहिली बॅच. राहायला मंगळवार पेठेत भाड्याचं घर, वरती आम्ही पोरी, खाली एक पिठाची गिरणी. सकाळी केस विंचरायच्या आधी झटकावे लागायचे. त्या घराबद्दल मी काय कमी कुरकुर केली नाही, पण खरं सांगायचं तर मी तिथं सुखात होते. मी शाहूवाडीकडची. डोंगराच्या कुशीतलं गाव, भाताची खाचरं, पावसाळ्यात चार महिने चूल पेटवताना डोळ्यांतनं पाणी. तिथनं डिग्रीला आलेली पहिली पोरगी मी.

मला पाठवलं ते आईनं. आबांच्या मनात नव्हतं. आईनं जन्मात स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं, लुगडंसुद्धा कुणी आणलं तर नेसायची. पण माझ्या शिक्षणाच्या वेळी ती अडून बसली. चूल पेटवायचं बंद केलं म्हणा ना. आबांनी शेवटी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "जाऊ द्या तिला. खरं मान्यता का काय ती आली न्हाय, तर मी तिला घेऊन येणार. मग मला कुणी सांगायचं न्हाय."

मान्यतेचं असं होतं. नर्सिंग कौन्सिलचे लोक येऊन तपासून जाणार, त्यांनी होय म्हटलं तरच आमच्या डिग्रीला किंमत. नाही म्हटलं तर ती भजी बांधायला. नोंदणी नाही, नोकरी नाही, काही नाही. दोन वर्षं गेली, तिसरं लागलं, तरी तपासणीचा पत्ता नव्हता. इकडं आबांनी मलकापूरकडचा एक बिजवर बघून ठेवलेला. बायको बाळंतपणात गेलेली, पदरात दोन मुलं. "ह्या वर्षात कागूद न्हाय आला तर शिमग्याच्या पुढं उरकून टाकू," असं त्यांनी पाहुण्यांना सांगूनही टाकलं. माझा जीव टांगणीला लागलेला. आईचा माझ्यापेक्षा जास्त.

आणि दिवाळीनंतर एकदम तपासणीचं पत्र आलं. कॉलेजात पळापळ. भिंतींना चुना, खाटांना रंग, नव्या चादरी कपाटातनं बाहेर. पण मोठी अडचण वेगळीच होती. कागदावर जेवढ्या खाटा दाखवल्या, तेवढ्या भरलेल्या पाहिजेत. पोरी शिकणार कुणावर, तर पेशंटवर. आणि आमच्या दवाखान्यात पेशंटच नसायचे. लोक गावातल्या सरकारी दवाखान्यात जमिनीवर झोपायचे, पण आमच्याकडं यायचे नाहीत. कोण येणार त्या माळावर?

आमच्या प्राचार्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. बाई हुशार. खळीची पांढरी साडी, आवाज खणखणीत, आणि शिकवायला लागली की अंगात आल्यागत शिकवायची. मोठ्या दवाखान्यातली पक्की नोकरी सोडून ती ह्या माळावर आली होती. तिला वाईट म्हणायला माझी जीभ आजही पटकन वळत नाही, ह्याचाच मला राग येतो. तर मॅडमनी आम्हाला वर्गात गोळा केलं आणि सांगितलं, "प्रत्येकीनं गावाकडनं चार माणसं आणायची. एक दिवस खाटेवर झोपायचं. जेवणखाण आपलं. तुमच्याच भल्यासाठी आहे."

कुणालाही त्यात काही गैर वाटलं नाही. खरंच सांगते. आपल्याकडं मुलगी बघायला पाहुणे यायचे म्हटल्यावर शेजारच्या घरातनं खुर्च्या, कपबश्या आणतात की नाही? तसंच ते. आम्ही माणसं आणली. संस्थेचा दुधाचे कॅन वाहणारा ट्रक गावोगाव फिरला आणि आदल्या दिवशी दुपारपर्यंत दवाखान्याच्या पडवीत जत्रा भरली. कुरुंदवाडचे मामा, कागलची चुलती, कुणाची आत्या, कुणाचा शेजारी. माझ्याकडनं आई, दोन चुलत्या आणि भावकीतलं एक म्हातारं.

मग आजार वाटायला सुरुवात झाली. मॅडम खुर्चीवर, शेजारी एक नवखा डॉक्टर, आणि समोर ही सगळी मंडळी मांडी घालून बसलेली. मॅडम आजार सांगायच्या, डॉक्टर केसपेपर भरायचा. आणि बघते तर काय, आजारांवरनं भांडणं. कुरुंदवाडच्या मामांना मूळव्याध आली. ते ताडकन उठले. "बाईमाणसांत ते नाव घ्यायचं न्हाय. मला हार्ट द्या की."

"हार्टचे दोन झालेत," मॅडम म्हणाल्या.

"मग तिसरा मी. न्हायतर निघालो."

त्यांना हार्ट मिळालं. एका आजीला क्षय आला तर ती रडायलाच लागली. नातीचं लग्न ठरलेलं, कुणी बघितलं आणि बोभाटा झाला तर मोडेल. तिला सांधेदुखी दिली. मधुमेहाला मात्र गर्दी, तो श्रीमंतांचा आजार म्हणून. आम्ही पोरी तोंडाला पदर लावून हसत होतो. हसता हसता पुरेवाट झाली.

मग मॅडमनी नाव घेतलं, पोटातली गाठ. ते नाव कुणी अंगाला लावून घेईना. असलं अभद्र बोलू नये, बोललं की लागतं, असं सगळ्यांच्याच मनात. डॉक्टर पेन धरून बसलेला. तेवढ्यात मागनं माझी आई म्हणाली, "द्या मला ते. कुणीतरी घ्यायला पायजे न्हवं."

मॅडम खूश. तिला पुढं बोलावलं आणि समजावायला लागल्या, "कधीपासून दुखतंय विचारलं तर काय सांगायचं..."

"ते तुमी सांगू नगासा बाई," आई म्हणाली. "मला ठावं हाय काय सांगायचं."

संध्याकाळी मी तिची चेष्टा केली. म्हटलं, "लई हौस आली की गं आये. तमाशात काम करायला पायजे हुतं तू." ती म्हणाली, "बघच तू उद्या." आणि माझ्या वेणीतली पिठाची पूड तिनं फुंकरीनं उडवली.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाई आल्या. बरोबर दोघं पुरुष होते, पण त्यांचं काही चालत नव्हतं. खरं काम बाईंचंच. उंच, वाळक्या, सोनेरी काडीचा चष्मा, हसणं नाही. मला मॅडमनी वर्गातल्या प्रात्यक्षिकाला उभं केलं होतं. पेशंट म्हणून ठेवलेल्या पुतळ्याचं अंग पुसायचं आणि त्याला न उठवता खालची चादर बदलायची. त्यामुळं वॉर्डात काय झालं ते मी पाहिलं नाही. बाई वॉर्डातनं वर्गात आल्या तेव्हा पदराला हात पुसत होत्या. त्यांनी माझ्या चादरीचे कोपरे ओढून बघितले. एकही सुटला नाही. "कुणी शिकवलं?" म्हणाल्या. मी मॅडमकडं बघितलं. मॅडमची मान ताठ झाली.

माझं आवरून मी बाहेर आले तर ट्रक निघून गेलेला. आईची गाठ पडली नाही. तिनं स्वतःच्या वाटणीचा शिरा मात्र पानात बांधून आयाबाईपाशी माझ्यासाठी ठेवला होता. पॅसेजमध्ये मॅडम भेटल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला, जो त्या कधी कुणाच्या ठेवायच्या नाहीत. "तुझ्या आईनं नाव राखलं हं. सगळ्यांत चांगली तीच बोलली." मला असं काही भरून आलं की मी तिथंच डोळे पुसले.

त्या दिवशी मंडळी ट्रकात चढत असताना मॅडमनी सगळ्यांना एक ताकीद दिली होती, ते मला मागनं कळलं. मान्यतेचा कागद हातात पडेपर्यंत कुणीही ह्या दवाखान्याची पायरी चढायची नाही. कौन्सिलचा माणूस न सांगता परत आला आणि कालचा हार्टचा पेशंट फाटकापाशी विडी ओढताना दिसला तर सगळंच पाण्यात. मंडळी हसली आणि हो म्हणाली. बाकीच्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. आईनं ते देवाचा शब्द असल्यासारखं धरलं.

कागद काही येईना. शिमग्याला मी गावी गेले तर आई निम्मी झालेली. गळ्याखालची हाडं वर आलेली आणि लुगड्याच्या निऱ्या मात्र पुढं आलेल्या. मी तिसऱ्या वर्षाची पोरगी, मला कळणार नाही होय? मी म्हटलं, "आये, हे बरं लक्षण न्हाय. चल माझ्यासंगं, दवाखान्यात दाखवू."

"कागूद आला?"

"न्हाय अजून."

"मग मॅडम काय म्हणल्यात्या? पायरी चढायची न्हाय."

"तो दवाखाना राहू दे. सरकारी दवाखान्यात जाऊ."

"तितं तुमच्या पोरी ड्युटीला जात्यात न्हवं? कुणीतरी वळखलं म्हंजे? गाठीवाली बाई म्हणून मी कागदावर हाय."

मी भांडले. आरडाओरडा केला, आबांना बोलले, आबा तिला बोलले. काही उपयोग नाही. वर तिनं आबांना लगीन पुढं ढकलायला लावलं, तुळशीच्या लग्नापर्यंत. मी निघताना ती वेशीपर्यंत आली आणि म्हणाली, "तू तुझं बघ. माझं काय, भाताची लावण झाली की येतो." आमच्याकडं बाया 'येतो, जातो'च म्हणतात. मी एस.टी.त बसून तिच्यावर चरफडत राहिले.

श्रावणात मान्यता आली. कॉलेजात गुलाल, पेढे, अध्यक्षांचं भाषण. मी गावी निरोप धाडला आणि निरोप पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी आई आबांच्या खांद्याला धरून दवाखान्याच्या फाटकातनं आत आली. मला बघून हसली. "आता आलं तर चालतंय न्हवं?" म्हणाली.

पोट घट्ट, फुगलेलं. मी हात लावला आणि तशीच धावत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. बाहेरगावच्या सर्जनला बोलावून ऑपरेशन केलं. ऑपरेशन म्हणजे काय, पोट उघडलं, बघितलं आणि तसंच शिवलं. आजार वाटताना केसपेपर भरणारा तो नवखा डॉक्टर बाहेर आला आणि हात धुवायच्या नळापाशी किती तरी वेळ उभा राहिला. पाणी वाहत होतं, तो हात धूत नव्हता.

तिची सगळी सेवा मीच केली. अंग पुसलं, कूस बदलली, चादरी बदलल्या, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. एके दिवशी न राहवून मी विचारलं, "तुला तवा ठावं हुतं?"

"व्हय की. सुगीच्या आधीपासनंच हाताला लागत हुती."

"मग तवाच बोलायचंस की गं."

"बोललो की," आई म्हणाली. "समद्यांत खरं मीच बोललो. बाकीची नाटक करत हुती."

इतकंच. त्याहून जास्त ती कधी बोलली नाही. मला तिचा राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली, आणि त्या दोन्हींतनं मी अजून सुटलेली नाही. घरी न्या म्हणाली, घरी नेलं. दिवाळी तोंडावर असताना ती गेली. मॅडम गावापर्यंत आल्या होत्या, चिखल तुडवत. आबांच्या पुढं हात जोडून उभ्या राहिल्या. मला वाटलं, किती मोठ्या मनाची बाई. दिवस झाल्यावर आबांनी स्वतःच माझी पिशवी भरली. बिजवराचं नाव काढलं नाही. म्हणाले, "जा. आता पुरं करूनच ये."

पुढच्या उन्हाळ्यात शेवटची परीक्षा. प्रॅक्टिकल वॉर्डातच. एक परीक्षक आमच्या मॅडम, दुसरे बाहेरचे. आणि बाहेरच्या म्हणून आल्या त्याच, सोनेरी चष्म्याच्या बाई. आता वॉर्डात खरे पेशंट होते, मान्यतेनंतर सरकारी अनुदानाच्या खाटा सुरू झाल्या होत्या. मला एक म्हातारी दिली. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली, जखमेची पट्टी बदलायची. मी ट्रे लावला, हात धुतले, पट्टी सोडली. बाई एकेक विचारत होत्या, मी उत्तरं देत होते. सगळं सुरळीत चाललं होतं.

मध्येच बाईंनी वॉर्डावरनं नजर फिरवली आणि मॅडमना विचारलं, "मागच्या खेपेला इथं एक बाई होती. शाहूवाडीकडची. पोटात गाठ होती. मी स्वतः हात लावून बघितली होती. तुम्हाला म्हटलं होतं, हिचं आठवड्याच्या आत ऑपरेशन करा, वेळ घालवू नका. त्या बाईलाही बजावलं होतं. झालं का ते?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या म्हणाल्या, "हो, लगेच केलं. बरी होऊन घरी गेली."

माझ्या हातात चिमटा होता. क्षणभर मला काही कळेना, आणि मग सगळं एकदम कळलं. बाईंनी सांगितलं होतं. मॅडमना सांगितलं होतं. वेळेत सांगितलं होतं. मॅडमना वाटलं असेल, वा, इतक्या जाणत्या बाईही फसल्या, काय वठवलं हिच्या आईनं. म्हणून माझ्या खांद्यावर हात. आणि आईलाही बजावलं होतं, ते तिनं पोटात ठेवलं. मला सांगितलं असतं तर मी मॅडमच्या अंगावर धावून गेले असते आणि कागद गेला असता, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी म्हटलं, "नाही झालं."

दोघींनी माझ्याकडं बघितलं.

"ती माझी आई होती. तुम्ही सांगितलंत त्याच दुपारी तिला ट्रकात घालून गावी धाडली. कागद येईपर्यंत परत यायचं नाही म्हणून बजावलं होतं. ती आली नाही. गेल्या दिवाळीच्या आधी वारली."

"ट्रकात?" बाई म्हणाल्या.

"सगळ्यांनाच ट्रकात. त्या दिवशी ह्या वॉर्डात पेशंट कुणीच नव्हतं, बाई. एक तीच होती."

खाटेवरची म्हातारी एकदा माझ्याकडं, एकदा बाईंकडं बघत होती. मॅडम खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मानेपाशी त्यांचं पोलकं घामानं भिजलं होतं. बाईंनी चष्मा काढला. मी वाट बघत राहिले. मला वाटलं, आता संपलं. आता मान्यता जाईल, डिग्री जाईल, पडद्यामागं आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या पोरी घरी जातील. जाऊ दे म्हटलं. जळो. आई परत येत नाही ती नाहीच येत, पण कुणीतरी एकदा तोंडानं म्हणू दे की हे चुकलं. तेवढंच मला हवं होतं.

मान्यतेच्या अहवालावर सही बाईंचीच होती. हात लावून गाठ ओळखणाऱ्या बाईंना शेजारच्या खाटांवरची धडधाकट माणसं ओळखू आली नसतील, असं मला आजही वाटत नाही. मग त्यांनी काय बघितलं आणि काय बघितलं नाही, ते त्यांचं त्यांना माहीत. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"पट्टी पूर्ण कर," त्या म्हणाल्या. "जखम उघडी आहे."

मी पट्टी पूर्ण केली. हात जरासुद्धा थरथरला नाही, इतकं चांगलं मला शिकवलं होतं. बाई पुढच्या पोरीकडं गेल्या. मॅडम त्यांच्या मागनं गेल्या. त्यानंतर त्या दोघींपैकी कुणीही, कधीही, ह्या विषयावर माझ्याशी एक शब्द बोललं नाही.

निकाल लागला. बाकीच्या विषयांत माझे मार्क बेतास बात होते. त्या प्रॅक्टिकलला मात्र मला पैकीच्या पैकी पडले.